चौदा लग्नांचं वाळवण

काकूंच्या घरातल्या एका खोलीत शिरायचं तर पाय दोनदा पुसावे लागत. चपला फाटकाशीच काढलेल्या असत, तरीही. आधी ओसरीतल्या पायपुसण्यावर, मग खोलीच्या दाराशी खुंटीला टांगलेल्या कोरड्या पंचानं, अगदी बोटांच्या मधलंसुद्धा. देवघराला एवढी शिस्त नव्हती. देवघरात मी एकदा मोजे घालून गेलो, काकू काही बोलल्या नाहीत. या खोलीत मात्र नळावरून तसाच ओल्या पायानं एक पाऊल टाकलं, तर आतून आवाज आला, "बाहेर हो. पाय पूस. मंग ये, घाई नाही."

त्या खोलीत तीन सर्व्हर राहत. ज्यांनी सर्व्हर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन पाट एकापुढे एक ठेवावेत एवढी लांब, चपटी लोखंडी पेटी. पुढून हार्ड डिस्कचे खण, आत पंख्यांची रांग. अशा पेट्या लोखंडी घोड्यात एकीवर एक सरकवतात, त्या घोड्याला रॅक म्हणतात. मोठमोठी ऑफिसं त्या चार-पाच वर्षं वापरतात आणि भंगारात काढतात. काकू त्या घरी आणत, खोलून पुसून काढत, आतली मेमरी वाढवत, प्रोसेसर बदलत, आणि पेटी अशी उभी करत की ज्यांनी टाकली त्यांना पाहून पस्तावा व्हावा. तेव्हा काकूंचं वय बासष्ट होतं.

मी यवतमाळात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढायचो. अजूनही काढतो. पण तेव्हा माझं स्वतःचं काहीच नव्हतं, म्हणून काकूंच्या घरी वरची खोली बघायला गेलो. कोणताही घरमालक विचारतो ते त्यांनी काहीच विचारलं नाही. जात नाही, गाव नाही, लग्न झालं का नाही. त्या म्हणाल्या, "फोटो कुठी ठेवतं?"

मी मोठ्या रुबाबात बॅगेतून हार्ड डिस्क काढली. तिच्यासोबत चिवड्याचे दाणे ओसरीभर सांडले.

काकूंनी दाण्यांकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं. "लोकायचे लग्नं तू चिवड्यात ठेवतं?"

मी तसा तोंडाळ माणूस. हॉलवाल्याशी, बँडवाल्याशी, जेवणाच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या मामाशी, सगळ्यांशी माझं भांडण झालेलं असतं. पण त्या दिवशी मी खाली वाकून निमूट दाणे वेचले. खोली मिळाली, एका अटीवर. मी काढलेलं प्रत्येक लग्न आधी काकूंच्या मशीनवर जाणार, मग मी जेवणार. वर त्यांनी हेही सांगितलं की लग्न पुन्हा लागत नसते. हे मला, लग्नांवर पोट भरणाऱ्याला, कोणी तोवर सांगितलं नव्हतं.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली होती. साध्या पदावर लागल्या, बढत्या घेत घेत तांत्रिक कामात आल्या आणि मुदतीच्या थोडं आधी घरी बसल्या. काका शाळेत मास्तर होते, ते वारून सात-आठ वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. ती फोनवर म्हणे, आई, तू आता आराम कर, भजनाला जा. काकू भजनाला जात. पण भजनाच्या बायांना परतीच्या वाटेवर हार्ड डिस्कच्या जोड्या कशा लावतात ते समजावून सांगत. "एक डिस्क मेली तं दुसरी असली पाह्यजे. नवरा-बायकोसारखं नाही, जुळ्या बहिणीसारखं. दोघींजवळ सारखंच." बाया हो हो म्हणत. त्यांच्यातल्या एकीनं मला खासगीत विचारलं की काकूंची तब्येत बरी आहे ना.

हा नाद त्यांना लागला तो भंगारच्या दुकानात. काकू गेल्या होत्या घरचा फुटका कूलर-पंप विकायला. तिथं चाचा, म्हणजे भंगारवाले, एक अख्खा सर्व्हर काट्यावर ठेवत होते. लोखंड वेगळं, तांबं वेगळं, बाकी फेकायचं. काकूंना एक्स्चेंजात असे तशी रॅकमधली वस्तू दिसली आणि त्या सरळ जाऊन तिच्यावर बसल्या. काट्यावरच.

चाचा म्हणाले, "बाई, आप उठोगी तब तोलूंगा ना."

"मी उठत नाही. मले धरून तोला."

हे मला चाचांनीच सांगितलं, एकदा नाही, दहा वेळा. दर वेळी सांगताना ते स्वतःच्या मांडीवर थाप मारत. तेव्हापासून नागपूरहून असा माल आला की चाचा आधी काकूंना फोन करत आणि मगच हातोडी हातात घेत. काकू जाऊन पेटीचं झाकण काढत, आत बॅटरीचा उजेड पाडत, वास घेत. हो, वास. जळका वास आला तर "हे ठेवा" म्हणत, नाही आला तर "हे माह्यं."

पहिला सर्व्हर सुरू केला त्या दिवशीची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. या मशीनचे पंखे मूळचे मोठ्या हॉलमध्ये ठेवायच्या हिशेबानं बसवलेले. सुरू होताना ते सगळे मिळून जो आवाज करतात, त्यानं काकूंच्या भिंतीवरची फोटोची चौकट वाकडी झाली. दहा मिनिटांत शेजारच्या वहिनी गव्हाचा डबा कमरेवर घेऊन हजर. "काकू, गिरणी टाकली काय? सांगतलं नाही बाप्पा." काकूंनी त्यांना परत पाठवलं नाही. गहू ठेवून घेतला, स्वतः चौकातल्या गिरणीत नेऊन दळून आणला आणि पीठ पोचवलं, कारण आशेनं आलेल्या माणसाला रिकामं पाठवणं बरं दिसत नाही. मग त्यांनी त्या मशीनचे पंखे बदलले. नवे पंखे इतके हळू फिरत की खोलीत घड्याळ ऐकू येई. त्या मशीनचं नाव मात्र त्यांनी 'सासूबाई' ठेवलं. सुरू होताना घर डोक्यावर घेते, मग दिवसभर चूपचाप राबते, असं त्यांचं म्हणणं. दुसरी 'नणंद', ती कायम काही ना काही मागायची. कधी मेमरी, कधी डिस्क. तिसरी, मला दिलेली, तिचं नाव 'नवरी'.

काम करताना काकूंना पाहणं हा एक सोहळा होता. प्रोसेसरवर जी पांढरी मलमासारखी पेस्ट लावतात, तिचं माप त्यांच्याकडे स्वयंपाकघरातलं होतं. "मुगाएवढी. वाटाणा झाला तं बाजूनं निंगते, मोहरी झाली तं पुरत नाही." एकदा मी हौसेनं लावायला घेतली आणि वाटाणा केला. त्यांनी पुसून काढली आणि मला खरंच स्वयंपाकघरातून मूग आणायला लावला. मूग शेजारी ठेवून मी पुन्हा लावली.

वायरी बांधायला त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत नसत. एक्स्चेंजात त्या काळी मेण लावलेल्या दोऱ्यानं वायरी बांधत, दर चार बोटांवर एक गाठ. काकूंकडे तो दोरा होता आणि गाठही हातात होती. "पट्टी काय, कैद्याले बांधाची. वायर बांधाची असन तं दोऱ्यानं." त्यांच्या रॅकच्या मागं पाहिलं की वायरी वेणी घातल्यासारख्या खाली उतरलेल्या दिसत. नागपूरचा एक कॉम्प्युटर इंजिनिअर काही कामानं आला होता, तो त्या वायरींचे फोटो काढत बसला. त्यालाही पाय पुसावे लागले होते.

आणि भिंतीवर एक यंत्र, हवेतली ओल मोजणारं. काकू सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्याचा आकडा पाहून वहीत लिहीत. पावसाळ्यात त्या वहीकडे बघून त्यांचा चेहरा पडे. त्या खोलीत सेकंडहँड एसी होता. स्वतः काकू उन्हाळाभर हॉलमध्ये कूलरसमोर झोपत, पण त्या खोलीत कूलर हा शब्दही चालत नसे. मी एकदा सहज म्हणालो, "काकू, एसीपेक्षा कूलर स्वस्त पडन." तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मशीनवर चहा ओतायची परवानगी मागितली.

म्हाताऱ्या बाईचा रिकामा उद्योग, असं म्हणणारे लोक होते. पण गल्लीत नाही. गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी यायचा आणि कधी येईल त्याचा भरवसा नसायचा. काकूंनी आपल्या नळाच्या पाइपात एक छोटं यंत्र बसवून 'सासूबाई'ला जोडलं. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या बायांच्या फोनवर निरोप पडे, "नळ आले." त्याखाली काकू स्वतः लिहीत, "गढूळ आहे, पाच मिनिटं जाऊ द्या." वहिनी माहेरी गेल्या होत्या तिथून त्यांनी तो निरोप पाहून नवऱ्याला फोनवर उठवलं होतं. मशीनला बोलायला शिकवलं तेही वऱ्हाडी. आतली गरमी वाढली की काकूंच्या आणि माझ्या फोनवर निरोप येई, "मले गरम होऊन राह्यलं."

आता तो मे महिना. मला आठवला की अजूनही घाम फुटतो.

त्या हंगामात माझी चौदा लग्नं झाली होती. चौदाही 'नवरी'वर. कॅमेऱ्याची कार्डं मी पुढच्या लग्नासाठी पुसून टाकलेली. रोज 'नवरी'वरचं सगळं 'नणंदे'वर उतरायचं, पण 'नणंद' टेबलावर खोलून पडली होती, नागपूरहून तिची मेमरी यायची होती. म्हणजे चौदा लग्नं जगात एकाच ठिकाणी होती. त्यातलं एक लग्न फौजी नवरदेवाचं. त्याची सुट्टी शुक्रवारी संपत होती, आणि सोबत लग्नाची फिल्म न्यायची होती. तिकडं बर्फात बसून बघणार म्हणे. त्याचे वडील मला दिवसातून दोनदा फोन करत, "भाऊ, शुक्रवारच्या आत होऊन जाईन ना?" मी म्हणे, होऊनच गेली समजा.

सोमवारी काकू भाचीच्या लग्नाला वणीला गेल्या. जाताना खोलीच्या दारावर कागद लावला. "एसी बंद पडला तं मशीन बंद करजो. बाकी काही करू नको." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

मंगळवारी सकाळी व्होल्टेज इतकं पडलं की एसीनं मान टाकली. माझ्या फोनवर निरोप आला, "मले गरम होऊन राह्यलं." पाच मिनिटांनी पुन्हा तोच. मी खाली गेलो. खोली भट्टी झाली होती. 'नवरी'चे पंखे किंचाळत होते. तिच्यावर त्या फौजीची फिल्म तयार होत होती, दोन-अडीच तास बाकी. बंद केली तर सगळं पहिल्यापासून. आणि मला दहा वाजता कळंबला निघायचं होतं, पंधराव्या लग्नाला. काकूंना फोन लावला. वणीत बँड वाजत असणार, फोन पर्समध्ये, पर्स कपाटात. दहा वेळा लावला.

विदर्भात वाढलेल्या माणसाला गरमीवर एकच इलाज माहीत असतो. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात कूलर, दवाखान्यात कूलर, बैलाला सुद्धा कूलर लावणारे लोक मी पाहिले आहेत. मी वरून माझा कूलर जिन्यानं उतरवला, बोअरचं पाणी भरलं आणि अगदी 'नवरी'च्या तोंडासमोर लावला. दोन मिनिटांत पंखे शांत झाले. निरोप यायचे थांबले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याचा फोटो काढला. मग कळंबला गेलो.

बुधवारी सकाळी परतलो तर खोलीत ओल्या गवताचा वास कोंडला होता. भिंतींना घाम आलेला. 'नवरी' गप्प. बटण दाबलं, काही नाही. झाकण काढलं तर आत सगळ्यावर पांढरी बारीक पूड बसलेली, जशी आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर बसते. चौदा नवऱ्या, चौदा नवरदेव, त्यांच्या आया, सगळे माझ्या डोळ्यासमोर उभे राहिले, आणि सगळ्यांच्या पुढं तो फौजी.

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. कूलर वर नेला. फरशी पुसली. आणि काकूंना फोन लागला तेव्हा म्हणालो, "काकू, लाइट जात-येत होती. झटका बसला असन."

मिळाली ती एसटी धरून काकू दुपारी आल्या. साडी लग्नातलीच, केसांत गजरा. पाय दोनदा पुसले. झाकण काढून बराच वेळ आत पाहिलं. मग बोट त्या पांढऱ्या पुडीवर फिरवलं आणि जिभेला लावलं.

"हं," म्हणाल्या. "बॅटरीचं पाणी घेऊन ये. दहा डबे. जेवढे भेटन तेवढे आण."

बॅटरीचं पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते, ज्यात क्षार नसतात. मी गावातली पाच दुकानं फिरलो. परत येईस्तोवर काकूंनी साडी बदलली होती आणि 'नवरी'चा सगळा संसार सुटा केला होता. आठ डिस्का काढून, प्रत्येकीवर खणाचा नंबर लिहून, कोरड्या डब्यात ठेवलेल्या. "डिस्कायचं तोंड बंद असते, यायले काही झालं नसन. पण पाण्याजवळ आणू नको." उरलेले हिरवे बोर्ड, मेमरीच्या पट्ट्या, पंखे, सगळं परातीत घेऊन आम्ही गच्चीवर गेलो.

गच्चीवर वहिनींसकट चार बाया कुरड्या घालत होत्या. मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवर दुसरं काय असणार. काकू एका कोपऱ्यात पाट घेऊन बसल्या आणि मऊ ब्रशनं बोर्ड धुवायला लागल्या. हळूहळू, एकेक खाच. मी वरून पाणी सोडत होतो. धुतलेला बोर्ड त्या उजेडात धरत, तिरपा करत, पुन्हा धुवायला घेत. बाया कुरड्या सोडून बघायला आल्या.

वहिनी म्हणाल्या, "काकू, हे कायचं वाळवण?"

"लग्नं आहेत," काकू म्हणाल्या. "चौदा लग्नं वाळू घालून राह्यली."

बाया हसल्या, मग काकू हसल्या, आणि मला रडू फुटेल की काय असं वाटलं. बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरलं, त्यावर बोर्ड मांडले, वरून चादरीचा आडोसा केला. "उन्हात नाही. सावलीतल्या झळीत." शेजारच्या बाजेवर कुरड्या. दोन दिवस वहिनी कावळे हाकलत होत्या, कुरड्यांवरचेही आणि आमच्या बोर्डांवरचेही. गुरुवारी मी चार वेळा जिना चढलो. काकू दर वेळी तिथं होत्या, बोर्ड उलटवत. मला काही विचारत नव्हत्या. मला वाटत होतं, विचारावं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळं खाली आणलं तोच फौजीच्या वडिलांचा फोन आला. मी सांगितलं की मशीन बंद पडली आहे. त्यांचा आवाज इतका चढला की काकूंना दोन हातांवरून ऐकू आला. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा, या पोट्ट्याची काही चूक नाही. मशीन माही आहे. मी घरी नव्हती, लग्नाले गेलती. जे झालं ते माह्या हातून झालं. तुम्ही मले बोला."

आणि ते बोलले. काकू 'हाव दादा', 'बरोबर आहे तुमचं' म्हणत ऐकत राहिल्या. पंचानं एक मेमरीची पट्टी पुसत. फोन ठेवला आणि दुसरी पट्टी घेतली.

"काकू," मी म्हणालो, "मी कूलर लावलता."

त्यांनी मान वर केली नाही. "चाखलं तव्हाच समजलं. लाइटीचा झटका खारट नसते."

"मंग तुम्ही त्यायले असं काहून..."

"पेचकस दे."

मी स्क्रू-ड्रायव्हर दिला. त्यांनी प्रोसेसर बसवले, मुगाएवढी पेस्ट लावली, डिस्का आपापल्या खणात सरकवल्या, दोऱ्यानं वायरी बांधल्या. इतका वेळ नाही, गाठी नंतर मारू, असं मी म्हणणार होतो, पण हिंमत झाली नाही. बटण दाबलं. पंखे फिरले आणि थांबले. एक लांब शिट्टी.

"मेमरी," काकू म्हणाल्या. "तुह्याजवळ खोडरबर आहे?"

माझ्याजवळ नव्हतं. वहिनींच्या मुलीच्या दप्तरातून आलं, वासाचं, गुलाबी. काकूंनी पट्टीच्या सोनेरी कडा त्या खोडरबरानं घासल्या, फुंकर न मारता ब्रशनं झाडल्या आणि पट्टी पुन्हा खटकन बसवली. पुन्हा बटण. पंखे फिरले. फिरतच राहिले. पुढच्या आठ खणांवर आठ हिरवे दिवे एकामागून एक लागले, आणि मी ओसरीत जाऊन अक्षरशः नाचलो. हो, नाचलो. पंधरा वरातींत जेवढा नाचलो नसेन तेवढा. वहिनींनी खिडकीतून पाहिलं, तरी थांबलो नाही.

"झालं म्हणू नको," आतून आवाज आला. "लावून पाह्य."

हे त्यांचं एक्स्चेंजातलं वळण. बिघाड काढला की प्रत्येक लाइनवर फोन लावून बघायचा, तोवर काम संपलं नाही. फौजीची फिल्म पुन्हा तयार व्हायला लावली आणि काकू चौदा लग्नं एकेक उघडून बसल्या. "ही पोरगी चांगली हसते. हा मामा सगळ्याच फोटोत काहून आहे? याले कोणी जेवाले बसवलं नाही काय?" फौजी, त्याची बायको आणि वडील दुपारी आले, ओसरीत बसून पन्हं प्यायले. जाताना त्यानं फिल्मची पहिली दोन मिनिटं पाहिली. मंडपात शिरताना त्याचा फेटा सुटतो, ते दृश्य होतं. बायको खदखदून हसली. तो म्हणाला, हे राहू द्या, कापू नका. संध्याकाळी त्याची गाडी होती. त्याच्या वडिलांनी काकूंना वाकून नमस्कार केला.

उन्हं उतरल्यावर मी आणि काकू गच्चीवर कुरड्या डब्यात भरत होतो. आमच्या बोर्डांची राखण केल्याबद्दल वहिनींनी आमच्यावरच ते काम ढकललं होतं. मला राहवलं नाही.

"काकू, तुम्ही चिडल्या काहून नाही?"

काकूंनी एक कुरडई उचलली, अलगद डब्यात ठेवली.

"मले एक्स्चेंजात मशीनच्या कामावर लागून सहा महिने झाले असन," त्या म्हणाल्या. "एका तालुक्याच्या गावी नवीन एक्स्चेंज बसलतं. असाच मे महिना. एसी बंद पडला. साहेब नागपूरले मीटिंगले गेलते, मी एकटीच होती. रॅकले हात लावला तं चटका बसला. मंग साहेबाच्या केबिनमधला कूलर मी ओढत आणला."

माझ्या हातातली कुरडई मोडली.

"दोन दिवस गावाचे फोन बंद. साहेबाहीनं रॅकमधले सगळे कार्ड, म्हंजे असेच बोर्ड, काढले, बॅटरीच्या पाण्यानं धुतले, सावलीत वाळवले. मी बाजूले उभी राहून पाह्यत होती, तिथंच शिकली. मी तोवर कूलर जाग्यावर नेऊन ठेवलता, तुह्यासारखाच. सगळ्यायले वाटलं, एसीचं पाणी गळलं. एसीवाला बोलणे खाऊन गेला. तो बिचारा म्हणे, मॅडम, एसी तं बंदच होता, पाणी कुठून गळन? माह्याकडे पाहून म्हणे. मी चूप."

"मंग सांगतलं कव्हा?"

"साहेब रिटायर झाले, मी त्यायच्या कार्यक्रमात भाषण केलं, तव्हा नाही. एसीवाल्याच्या पोरीच्या लग्नात पोटभर जेवून आली, तव्हा नाही. तुह्या काकाले सुद्धा नाही." त्यांनी पदरावरचा कुरडईचा चुरा झाडला. "तू तिसऱ्या दिवशी सांगतलं. मले बत्तीस वर्षं लागले."

मग त्या उठल्या, एक डबा कुरड्यांनी गच्च भरला, झाकण लावलं आणि पिशवीत ठेवला.

"चाल, गाडी काढ," म्हणाल्या. "एसीवाला आर्णी रोडले राह्यते. जिता आहे अजून."